निरोप राउटरकडे, हिशोब वहीत

कारखान्याचे काम एका हाताचे नसते. मागाचा धंदाच पाहा. व्यापारी सूत देतो, ताण्याचे सूत सायझिंगला जाते, बीम होऊन परत येते, मागावर चढते, कापडाचा तागा उतरतो, तपासणीच्या टेबलावर जातो, घडी होते आणि माल रवाना होतो. एका टप्प्यावरचे काम संपले हे पुढच्या टप्प्याला वेळेवर कळावे लागते. आजवर हे निरोप चिठ्ठीने, पोऱ्याच्या तोंडी आणि अलीकडे मोबाइलवर जात आले आहेत. चिठ्ठी हरवली की बीम दारात येऊनही माग उभा राहतो. तोच तागा दोनदा लिहिला गेला, किंवा लिहायचाच राहिला, की मजुरीच्या दिवशी कारागीर व कारखानदार यांच्यात वाद होतो.

म्हणूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांतून कामाचा क्रम सांभाळणारे सॉफ्टवेअर करून घेण्याचा विचार आता लहान कारखानदारही करू लागले आहेत. अशा सॉफ्टवेअरला 'वर्कफ्लो' सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळदा ते लिहिणारा घरचाच मुलगा किंवा भाचा असतो. त्याला संगणक येतो, पण धंदा पुरता ठाऊक नसतो. वडीलधाऱ्यांना धंदा येतो, पण संगणकाची भाषा कळत नाही. या दोघांनी एका टेबलावर बसून वाचावा असा हा पाठ आहे. सॉफ्टवेअरच्या निरनिराळ्या भागांत निरोप पोहोचवणारा राउटर स्वतःच्या संगणकावर कसा उभारावा आणि त्यावर धंद्याची परीक्षा कशी घ्यावी, हे आपण पाहणार आहोत.

हा राउटर कोणता?

राउटर म्हटले की भिंतीवरचा, दिवे लुकलुकणारा इंटरनेटचा डबा डोळ्यांसमोर येतो. येथे तो अभिप्रेत नाही. हा राउटर म्हणजे संगणकात चालणारा एक प्रोग्रामच आहे. एका प्रोग्रामने दिलेला निरोप घ्यायचा, त्यावरचा पत्ता वाचायचा, ज्याला ज्याला तो हवा आहे त्याच्या रांगेत ठेवायचा आणि पोच मिळेपर्यंत सांभाळायचा, एवढेच त्याचे काम. तंत्रज्ञ त्याला 'मेसेज ब्रोकर' म्हणतात. ब्रोकर म्हणजे दलाल, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. बाजारात दलाल विकणाऱ्याला व घेणाऱ्याला जोडतो. दोघांनी एकाच वेळी समोरासमोर असण्याची गरज नसते. येथेही तसेच. मजुरीचा प्रोग्राम बंद असला तरी मागखात्याचे काम अडत नाही. निरोप रांगेत थांबतो आणि प्रोग्राम सुरू झाला की त्याला मिळतो.

असे दलाल-प्रोग्राम अनेक आहेत. या पाठासाठी आम्ही 'रॅबिटएमक्यू' निवडला आहे. तो २००७ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याची मूळ निरोपपद्धत 'एएमक्यूपी' ही २००३ साली जेपीमॉर्गन चेस या बँकेत जॉन ओ'हारा यांनी सुरू केलेल्या कामातून आली. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकप्रणालींना एकमेकींशी बोलता यावे, ही बँकेची अडचण होती. रॅबिटएमक्यू 'एरलँग' भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार केली होती. हजारो कॉल एकाच वेळी चालावेत आणि एक तुटला तरी बाकीचे चालू राहावेत, ही तेथली गरज होती. आपल्या कारखान्याची गरज आकाराने लहान असली तरी जात तीच आहे. रॅबिटएमक्यूचा मूळ संच मुक्त परवान्याखाली मिळतो. तो वापरण्यासाठी परवाना-फी द्यावी लागत नाही.

आधी आपल्याच संगणकावर का?

नवा कारागीर आला की आपण त्याला पहिल्याच दिवशी भारी मालावर बसवत नाही. आधी हलक्या सुतावर त्याचा हात पाहतो. सॉफ्टवेअरचेही तसेच करावे. चालू कारखान्यात ते लावून चुका शोधणे म्हणजे लोकांच्या मजुरीवर आणि व्यापाऱ्याच्या सुतावर प्रयोग करणे होय. सूत आपले नसते, ते व्यापाऱ्याची अमानत असते. मजुरी तर कारागिराच्या घामाची असते.

एकाच संगणकावर राउटर उभारला की त्याच्याभोवती सायझिंग, मागखाते, तपासणी व मजुरी अशी चारही खाती खोटी-खोटी चालवता येतात. इंटरनेट लागत नाही आणि भाड्याच्या सर्व्हरचा महिन्याचा खर्चही येत नाही. मुद्दाम वीज घालवता येते, मुद्दाम चुकीचा निरोप पाठवता येतो, सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. त्यात कोणाचा पैसा अडकत नाही. ८ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप यासाठी पुरतो.

पहिले काम कागदावर

संगणकाला हात लावण्यापूर्वी दोघांनी कागद घेऊन बसावे. डाव्या बाजूला धंद्यातील घटना लिहाव्यात. घटना म्हणजे घडून गेलेली गोष्ट : 'बीम आले', 'बीम मागावर चढले', 'तागा उतरला', 'तागा पास झाला', 'तागा नापास झाला', 'माल रवाना झाला'. मधल्या रकान्यात ही घटना कोण नोंदवतो ते लिहावे. उजवीकडे ती कोणाकोणाला कळायला हवी ते लिहावे.

उदाहरणार्थ, 'तागा उतरला' ही घटना मागखात्यातला मुकादम नोंदवील आणि ती तपासणीच्या टेबलाला कळायला हवी. 'तागा पास झाला' ही घटना तपासनीस नोंदवील. ती मजुरीच्या खात्याला, पाठवणीच्या खात्याला आणि कारखानदाराला कळायला हवी. 'तागा नापास झाला' हे कारखानदाराला कळावे, पण पाठवणीला त्याचे काम नाही.

हा कागद म्हणजेच पुढच्या सगळ्या उभारणीचा नकाशा. तो कारागिरांना व मुकादमाला दाखवावा. 'बीम परत पाठवावे लागले तर काय?', 'एका ताग्याचे दोन तुकडे झाले तर काय?' असे प्रश्न तेच विचारतील. या प्रश्नांची उत्तरे कागदावर फुकट मिळतात; सॉफ्टवेअर तयार झाल्यावर त्यांच्यासाठी पैसे मोजावे लागतात.

उभारणी

रॅबिटएमक्यू संगणकावर थेट बसवता येतो, परंतु त्यासाठी आधी एरलँग बसवावी लागते आणि दोन्हींच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. शिकाऊ कामासाठी 'डॉकर' हा मार्ग सोपा आहे. डॉकर म्हणजे लागणाऱ्या सर्व सामानासह प्रोग्राम एका बंद पेटीत चालवण्याची सोय. काम झाले की पेटी काढून टाकावी, संगणक होता तसा राहतो. रॅबिटएमक्यूची अधिकृत पेटी तयार मिळते. ती निवडताना 'मॅनेजमेंट' जोडलेली घ्यावी, म्हणजे रांगा डोळ्यांनी पाहता येतील.

पेटी सुरू करताना चार गोष्टी सांभाळाव्यात.

१) दोन दारे : प्रोग्राम राउटरशी ज्या दारातून बोलतात त्याचा क्रमांक ५६७२. आपण ब्राउझरमध्ये ज्या दारातून पाहणी करतो त्याचा क्रमांक १५६७२. संगणकाच्या भाषेत या दारांना 'पोर्ट' म्हणतात.

२) दार कोणासाठी उघडे? : नव्याने बसवलेल्या राउटरला 'गेस्ट' हे नाव आणि 'गेस्ट' हाच परवलीचा शब्द असतो. २०१४ मधील ३.३.० आवृत्तीपासून हा पाहुणा फक्त त्याच संगणकावरून आत येऊ शकतो, बाहेरून नाही. मात्र डॉकरच्या अधिकृत पेटीत हे बंधन काढलेले असते. शिवाय डॉकरला साधे सांगितले तर तो दार साऱ्या नेटवर्कसाठी उघडतो. म्हणजे त्याच वायफायवर बसलेला कोणीही आत शिरू शकेल. म्हणून दार उघडताना १२७.०.०.१ हा पत्ता स्पष्ट लिहावा. या पत्त्याचा अर्थ 'हाच संगणक, दुसरा कोणी नाही'. स्थानिक राउटर खरोखर स्थानिक राहतो तो या एका पत्त्यामुळे.

३) पेटीचे नाव : रॅबिटएमक्यू आपली माहिती यंत्राच्या नावाखाली साठवतो. डॉकर प्रत्येक नव्या पेटीला आपल्या मनाचे नाव देतो. नाव बदलले की जुन्या रांगा राउटरला सापडत नाहीत. म्हणून 'होस्टनेम' आपणच ठरवून द्यावे.

४) साठवणीची जागा : पेटी काढून टाकली तरी रांगा राहाव्यात यासाठी डॉकरचा 'व्हॉल्यूम' जोडावा. व्हॉल्यूम म्हणजे पेटीच्या बाहेरचे कपाट.

एवढे झाल्यावर ब्राउझरमध्ये याच संगणकाचा पत्ता आणि १५६७२ क्रमांक टाकला की पाहणीचे पान उघडते. ते उघडले म्हणजे दलाल दुकानात येऊन बसला असे समजावे.

पत्ता, मार्ग आणि रांग

राउटरच्या आत तीन शब्द समजून घ्यावेत. 'एक्स्चेंज' म्हणजे निरोप वेगळे करणारे टेबल, टपाल कार्यालयात पत्रे लावतात तसे. 'क्यू' म्हणजे रांग; प्रत्येक खात्याची स्वतःची. 'बाइंडिंग' म्हणजे कोणत्या पत्त्याचा निरोप कोणत्या रांगेत जाईल हे सांगणारा नियम.

आपल्या कामाला 'टॉपिक' जातीचे एक्स्चेंज बरे पडते. त्यात पत्ता टिंबांनी तोडलेल्या शब्दांचा असतो : 'तागा.उतरला', 'तागा.पास', 'तागा.नापास', 'बीम.आले'. तपासणीची रांग 'तागा.उतरला' ला बांधावी. मजुरीची व पाठवणीची रांग 'तागा.पास' ला बांधावी. कारखानदाराला ताग्याचे सगळेच कळायला हवे असेल तर त्याची रांग 'तागा' पुढे टिंब व फुली-तारा लिहून बांधावी. तारा म्हणजे कोणताही एक शब्द. एकाहून अधिक शब्द चालणार असतील तर जाळीचे चिन्ह वापरतात. कागदावरचा उजवा रकाना पाहावा आणि तसेच बांधत जावे.

याचा फायदा असा की उद्या व्यापाऱ्याला मोबाइलवर खबर देण्याचा नवा प्रोग्राम जोडायचा झाला, तर मागखात्याच्या प्रोग्रामला हातही लावावा लागत नाही. नवी रांग करायची, ती 'तागा.पास' ला बांधायची, एवढेच.

मात्र एक धोका ध्यानात ठेवावा. पत्ता लिहिताना एक अक्षर चुकले आणि त्या पत्त्याला कोणतीच रांग बांधलेली नसली, तर राउटर तो निरोप मुकाट्याने टाकून देतो. आणखी गंमत अशी की 'निरोप मिळाला' अशी पोचही पाठवणाऱ्याला मिळते, कारण राउटरच्या दृष्टीने त्याचे काम संपलेले असते. हे टाळण्यासाठी निरोप पाठवताना 'मॅन्डेटरी' ही खूण लावावी, म्हणजे पत्ता न सापडलेला निरोप परत येतो. आपल्या मुलाला हा एक प्रश्न अवश्य विचारावा : 'पत्ता चुकला तर निरोप परत येतो का?'

पोच आणि मजुरी

आता पाठाचा मुख्य भाग. रांगेतला निरोप मजुरीच्या प्रोग्रामला मिळाला. तो निरोप रांगेतून केव्हा खोडायचा? देताक्षणी खोडला आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर ताग्याची मजुरी कोठेच नोंदली जाणार नाही. कारागिराचे कष्ट हवेत जातील. म्हणून काम पुरे झाल्यावर प्रोग्रामने स्वतः पोच द्यावी आणि मगच राउटरने निरोप खोडावा, असे ठेवावे. पोच येण्याआधीच प्रोग्राम बंद पडला तर राउटर तोच निरोप पुन्हा रांगेत ठेवतो.

येथे दुसरी बाजू समोर येते. समजा, प्रोग्रामने मजुरी वहीत लिहिली आणि पोच देण्याआधीच वीज गेली. राउटरला पोच मिळाली नाही, म्हणून तो तोच निरोप पुन्हा देणार. सावधगिरी नसेल तर त्याच ताग्याची मजुरी दोनदा लिहिली जाईल. हा राउटरचा दोष नाही. निरोप एकदाही न मिळण्यापेक्षा दोनदा मिळालेला बरा, असे त्याचे धोरण आहे. दोनदा आलेला निरोप ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते.

यावर उपाय आपल्या सरकारी कचेऱ्यांत व पेढ्यांवर फार पूर्वीपासून आहे. तो म्हणजे आवक-जावक नोंदवही. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक द्यावा. मजुरीच्या प्रोग्रामने निरोप घेतल्यावर आधी आपल्या आवक वहीत तो क्रमांक पाहावा. असेल तर काही न करता पोच द्यावी. नसेल तर मजुरी आणि आवक क्रमांक या दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात कराव्यात : दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. संगणकाच्या वहीला, म्हणजे डेटाबेसला, हे उत्तम जमते.

पाठवणाऱ्याच्या बाजूला जावक वही ठेवावी. तपासनिसाने तागा पास केला की 'पास' ही नोंद आणि पाठवायचा निरोप हे दोन्ही एकाच व्यवहारात वहीत लिहावे. मग एक लहानसा प्रोग्राम जावक वहीतले न गेलेले निरोप उचलून राउटरकडे देईल आणि राउटरची पोच आली की त्यावर 'गेला' अशी खूण करील. राउटर तासभर बंद असला तरी निरोप वहीत सुरक्षित राहतात.

शिवाय दोन जागी टिकाऊपणा सांगावा लागतो. रांग 'ड्युरेबल' हवी आणि निरोप 'पर्सिस्टंट' हवा. रांग टिकाऊ पण निरोप कच्चा असेल, तर राउटर बंद होऊन सुरू झाल्यावर रिकामी रांग तेवढी उरते. मजबूत कोठारात भिजणारा माल ठेवावा, तसेच ते होईल.

माणसाची वाट राउटरने पाहू नये

नवशिके लोक सर्वांत जास्त फसतात ते येथे. 'बीम आले' हा निरोप मागखात्याच्या प्रोग्रामने घेतला. बीम मागावर चढायला दोन दिवस लागणार. म्हणून तोपर्यंत पोच न देता निरोप हातात धरून ठेवायचा, असे पुष्कळांना सुचते. वरवर ते बरोबर वाटते, कारण काम अजून संपलेले नाही. पण रॅबिटएमक्यूमध्ये पोच येण्याची मूळ मुदत ३० मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पोच आली नाही तर राउटर समजतो की घेणारा अडकला आहे. तो जोडणी तोडतो आणि निरोप परत रांगेत ठेवतो. मग तोच निरोप पुन्हा येतो, पुन्हा अडकतो आणि हे चक्र चालू राहते. मुदत वाढवता येते, पण वाढवणे हा उपाय नव्हे.

माणसाचे काम तासांनी आणि दिवसांनी चालते, राउटरचे काम क्षणांनी. म्हणून 'बीम आले' हा निरोप मिळताच प्रोग्रामने वहीत 'बीम अमुक, स्थिती : माग रिकामा होण्याची वाट' असे लिहावे आणि लगेच पोच द्यावी. दोन दिवसांनी मुकादमाने बीम चढवले की 'बीम चढले' ही नवी घटना नोंदेल व नवा निरोप निघेल. कोणते काम कोठे उभे आहे हे सांगणे वहीचे काम, राउटरचे नव्हे.

लांब मुदतीचे तर उदाहरणच घ्या. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल १ वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तेथूनच पुढे विकला जावा लागतो. आयुक्त मुदत वाढवू शकतात. तसे न झाल्यास माल पाठवला त्या दिवशीच तो विकला असे धरले जाते आणि कर लागतो. सुताच्या चलनाची ही मुदत राउटरच्या रांगेत वर्षभर निरोप ठेवून मोजायची नसते. चलनाची तारीख वहीत असावी. रोज सकाळी एक लहान प्रोग्राम वही चाळील आणि मुदत जवळ आलेल्या चलनांसाठी त्या दिवशी निरोप पाठवील.

थोडक्यात, निरोप राउटरकडे आणि हिशोब वहीत. ही एक गोष्ट पक्की झाली की सॉफ्टवेअरची निम्मी भांडणे मिटतात.

सहा परीक्षा

मांडणी तयार झाल्यावर धंद्याच्या मालकाने स्वतः शेजारी बसून पुढील परीक्षा घ्याव्यात. पाहणीच्या पानावर प्रत्येक रांगेपुढे 'रेडी' आणि 'अनॲक्ड' असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा थांबलेल्या निरोपांचा, दुसरा दिलेल्या पण पोच न आलेल्या निरोपांचा.

१) तपासणीचा प्रोग्राम बंद ठेवून १० तागे उतरल्याची नोंद करावी. रांगेत 'रेडी' खाली १० दिसले पाहिजेत. प्रोग्राम सुरू करताच दहाही तागे टेबलावर आले पाहिजेत.

२) मजुरीचा प्रोग्राम काम करत असताना मध्येच बंद पाडावा. 'अनॲक्ड' मधला आकडा परत 'रेडी' मध्ये आला पाहिजे.

३) रांगेत निरोप असताना राउटरची पेटी बंद करून पुन्हा सुरू करावी. निरोप जागेवर असले पाहिजेत.

४) राउटर बंद असताना ५ तागे पास करावेत. तपासनिसाचे काम अडता कामा नये. राउटर सुरू झाल्यावर पाचही निरोप जावक वहीतून निघाले पाहिजेत.

५) एकच निरोप मुद्दाम दोनदा पाठवावा. मजुरी एकदाच लागली पाहिजे.

६) मीटरच्या जागी आकड्याऐवजी अक्षरे लिहून निरोप पाठवावा. असा निरोप प्रोग्रामला पचत नाही. तो पुन्हा पुन्हा रांगेत येऊन बाकीच्यांना अडवतो. त्यासाठी 'डेड लेटर' नावाची वेगळी रांग ठेवावी, म्हणजे अडलेले निरोप बाजूला पडतात आणि माणूस ते तपासू शकतो. येथे एक बारकावा आहे. २०२४ च्या ४.० आवृत्तीपासून 'क्वोरम' जातीच्या रांगेत निरोप २० वेळा परत आला की राउटर तो बाजूला काढतो. डेड लेटरची रांग नसेल तर तो सरळ टाकून दिला जातो. म्हणजे एका कारागिराच्या ताग्याची नोंद कोणाला न कळता नाहीशी होते.

सहाही परीक्षा झाल्यावर शेवटी जुनाच ताळा करावा. मागखात्याने लिहिलेले एकूण मीटर हे पास, नापास व तपासणीला थांबलेल्या मीटरच्या बेरजेइतके हवेत. मजुरीच्या वहीतले मीटर पास मीटरइतके हवेत. एका मीटरचाही फरक आला तर तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कारखान्यात नेताना

टेबलावरचा राउटर जसाच्या तसा कारखान्यात उचलून नेऊ नये. तेथे 'गेस्ट' काढून टाकावा. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे नाव व परवलीचा शब्द द्यावा आणि त्याला लागणाऱ्या रांगांपुरताच अधिकार ठेवावा. ५६७२ आणि १५६७२ ही दारे इंटरनेटवर उघडी टाकू नयेत. ज्या संगणकावर राउटर व वही आहे त्याला यूपीएस जोडावा आणि वहीची नक्कल रोज दुसऱ्या जागी ठेवावी. पहिला महिनाभर कागदी वही बंद करू नये. दोन्ही चालवाव्यात आणि दर हप्त्याला ताळा करावा.

हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक धंद्याला राउटर लागतोच असे नाही. एकच संगणक, एकच नोंद करणारा आणि पाच-सात कारागीर असतील तर एक साधा प्रोग्राम व एक डेटाबेस पुरे. तेथे राउटर म्हणजे हातगाडीला चार बैल जुंपण्यासारखे होईल. नोंदी वेगवेगळ्या जागी होतात, सायझिंगवाल्याचे आणि आपले संगणक वेगळे आहेत, एक बंद पडला तरी दुसरा चालला पाहिजे, अशी गरज असेल तेथेच हा खर्च व ही मेहनत सार्थकी लागते.

ज्यांना सॉफ्टवेअर बाहेरून करून घ्यायचे आहे त्यांनी पैसे देण्यापूर्वी वरील सहा परीक्षा आपल्यासमोर करून दाखवण्याची अट घालावी. तयार पडदे व रंगीत तक्ते पाहून भुलू नये. ज्यांच्या घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी येत्या सुटीच्या दिवशी कागदावरचे तीन रकाने भरायला घ्यावेत. धंद्याचे ज्ञान वडिलांकडून आणि संगणकाचे ज्ञान मुलांकडून अशी देवघेव झाली, तर कारागिराला त्याच्या प्रत्येक मीटरची मजुरी मिळेल आणि व्यापाऱ्याला त्याच्या प्रत्येक किलो सुताचा हिशोब.